गेटच्या आतलं कासव

सहलीच्या बसचा ड्रायव्हर म्हणजे जग बघितलेला माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांची हँडब्रेककाकांशी गाठ पडलेली नसते. एकतीस वर्षं काकांनी माणसांना शहरं दाखवली. राजवाडे दाखवले, किल्ले दाखवले, घड्याळाचे मनोरे, बागा, तलाव, काही म्हणून सोडलं नाही. आणि यातल्या एकाही ठिकाणी ते स्वतः आत गेले नव्हते.

याला कारण होतं त्यांचा पहिला मालक. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, "पॅसेंजर उतरले की तुझी ड्युटी संपत नाही, सुरू होते. बसमध्ये त्यांचं सामान असतं. बस सोडायची नाही." बाकीच्या ड्रायव्हरांनी हे या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. काकांनी मात्र ते शपथेसारखं धरून ठेवलं. बस उभी राहायची, हँडब्रेक कर्रकन ओढला जायचा आणि पॅसेंजर परत येईपर्यंत बस आणि काका दोघंही जागचे हलायचे नाहीत. गाइड हाका मारून दमायचा. "अरे, ये की आत, तुला काय तिकीट लागतंय?" काकांचं उत्तर ठरलेलं, "बसमध्ये सामान आहे." यावरूनच कुणीतरी नाव पाडलं, हँडब्रेक. नाव इतकं चिकटलं की पुढं बिल्डिंगमधली शेंबडी पोरंसुद्धा हँडब्रेककाका म्हणू लागली आणि काका त्याला ओ देऊ लागले.

गाइड माइकवरून जे बोलायचा ते मात्र काकांना तोंडपाठ होतं. कुठल्या वळणावर तलाव दिसतो, तो कुठल्या बाजूच्या खिडकीतून दिसतो, मनोऱ्याचा फोटो काढायचा तर दहाच्या आत का गेलं पाहिजे, संग्रहालयाच्या कुठल्या दारापाशी चढ कमी आहे. हे सगळं गेटपर्यंत. गेटपाशी गाइड माइक ठेवायचा, पॅसेंजर उतरायचे आणि काकांचं ज्ञान तिथंच संपायचं. पुढचे तीन तास काच पुसणे, पाणी भरणे आणि सावली बघून पाठ टेकणे.

तर असं असताना घरी एक गोष्ट घडली. लग्नानंतरची काकांची पहिलीच फेरी होती. चार दिवसांनी परत आले तेव्हा काकू मशीनवर कुणाच्यातरी पँटची लांबी कमी करत होत्या. नव्या नवरीनं चालतं मशीन थांबवलं, पाय पायडलवर तसाच ठेवला आणि विचारलं, "काय काय बघितलंत?"

आता हिला काय सांगणार, की पार्किंगच्या भिंतीपाशी चटई टाकून झोपलो होतो? काकांनी सांगायला सुरुवात केली. टेकडीचा रस्ता सांगितला, डाव्या बाजूचा तलाव सांगितला, राणीच्या बागेचं लोखंडी गेट सांगितलं, गेटपासून तिकीटखिडकीपर्यंतची एकतीस पावलंसुद्धा सांगितली. (ती मोजलेली होती. खिडकीशेजारी पाण्याचा नळ होता.) आणि काकूंचे डोळे असे काही मोठे झालेले, की आयुष्यात पहिल्यांदा काकांना ब्रेक लागेना. ते तसेच गेटमधून आत शिरले.

"आत एक कासव आहे," ते म्हणाले. "दगडी. झुडपात लपलेलं, तळहाताएवढं. एक पाय उचललाय. सहजासहजी दिसत नाही कुणाला. पण भर उन्हात त्याच्या पाठीवर हात ठेवला ना, तर गार लागतं."

"गार का लागत असेल हो?"

"कुणास ठाऊक. दगडच तसा असेल."

काकूंनी मापांची वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.

ती वही पुढं बिल्डिंगभर गाजली. पुढून कंबर, लांबी, बाही; मागून सहली. काकूंकडे पँट टाकायला आलेला माणूस जाताना सहल घेऊन जायचा.

"काकू, दोनच दिवस सुट्टी आहे, बरोबर सासूबाई आहेत. कुठं जाऊ?"

"सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?"

"बोलू नका."

"मग किल्ला नको. संग्रहालयाला जा, पण मागच्या दारानं, तिथं पायऱ्या नाहीत. सोमवारी बंद असतं. दुसऱ्या दिवशी राणीची बाग. बसमध्ये डावीकडं बसा, तलाव दिसतो. आणि आत गेल्यावर कासव शोधायला विसरू नका. आमच्या ह्यांनी बघितलंय."

काका पलीकडच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरायचे.

त्यांना वाटलं होतं, पहिलं कुटुंब परत येईल आणि बोंब होईल. पहिलं कुटुंब म्हणजे औषधाच्या दुकानवाल्या वहिनी. त्या परत आल्या तेव्हा काका जिन्याखाली बादली भरत होते. काकूंनी वरूनच विचारलं, "सापडलं का कासव?"

"म्हणजे काय, सापडलं की. गार लागलं हो काकू, खरंच."

काकांची बादली भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचं भान राहिलं नाही.

नंतर नर्सताई जाऊन आल्या. त्यांनाही सापडलं. चौथ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई जाऊन आल्या. त्यांना तर असं सापडलं, की त्याची शेपूट पूर्वेला आहे हेसुद्धा त्या सांगू लागल्या. बारा वर्षांत नऊ कुटुंबं गेली, आणि नऊच्या नऊ कुटुंबांना कासव गार लागलं. अशानं माणसाची काय अवस्था होईल? काका स्वतःच विचारात पडले. कदाचित गाइडनं कधी सांगितलं असेल, आपण अर्धवट झोपेत ऐकलं असेल. बाई तर गणिताच्या. त्या कशाला काही बोलतील? हळूहळू, रिटायर व्हायची वेळ येईपर्यंत, काकांचा स्वतःच्या कासवावर निम्मा विश्वास बसला होता.

उरलेला निम्मा मात्र आतून टोचत होता.

आणि मग बिल्डिंगमधल्या बायकांनी दोन दिवसांची सहल ठरवली. काकूंसकट बारा जणी. मिनीबस मिळाली, ड्रायव्हर घरचाच, आणि गाइड कोण, तर सगळ्यांनी एका आवाजात काकूंचं नाव घेतलं. पहिला दिवस राणीची बाग आणि मनोरा, दुसरा दिवस तलावापलीकडचं जंगल-उद्यान. काकू लग्न झाल्यापासून मशीनपलीकडं कुठं गेल्या नव्हत्या. कधी ऑर्डरी असायच्या, कधी मुलीची परीक्षा, कधी नातवंडांचं. आता सगळं मार्गी लागलं होतं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात काकांना त्या आरशासमोर सापडल्या. हातात दोऱ्याचं रीळ माइकसारखं धरलेलं.

"...आणि आता आपल्या डाव्या बाजूला," काकू रिळात म्हणाल्या, मग आरशातच काकांना बघून लाजल्या. "हसू नका. अकरा जणी ऐकणार आहेत."

"हसत नाहीये," काका म्हणाले. "अगं, एक सांगायचं होतं. ते बागेतलं..."

"कासव ना? ते मी सगळ्यांत शेवटी ठेवलंय. आधी कारंजं, मग गुलाब, मग कासव. तळमजल्यावरच्या आजींना खाली वाकता येत नाही, त्यांच्यासाठी घडीचं स्टूल घेतलंय." त्यांनी रीळ खाली ठेवलं. "तुम्हाला म्हणून सांगते, मला धाकधूक वाटतेय. शाळा सातवीत सुटली माझी. त्या बाई शिकलेल्या, ती नर्स शिकलेली. मी चुकले तर तोंडावर कुणी काही म्हणणार नाही, पण मला कळेल ना. मग वाटतं, चुकेन कशी? तुम्ही बघून सांगितलंय."

काकांनी खाली ठेवलेलं रीळ उचललं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

सहलीच्या दिवशी काकूंनी बस जिंकली. माइक हातात येताच त्यांचा आवाज असा मोकळा झाला, की नर्सताईंनी वळून बघितलं, रेडिओ लागला की काय. तलाव दिसायच्या बरोबर आधी त्या म्हणाल्या, "डावीकडं बघा," आणि तलाव आला. "आता पूल, पुलाला सात कमानी," आणि आजींनी मोजल्या, सात. टाळ्या पडल्या. आरशात काकांना काकूंचा चेहरा दिसत होता. त्यांनी दोनदा गिअर चुकीचा टाकला.

राणीच्या बागेपाशी हँडब्रेक कर्रकन ओढला गेला.

"अहो, येता ना?" काकूंनी विचारलं.

"बसमध्ये सामान आहे."

"बरं. बायकांनो, माझ्या मागं. एकतीस पावलं मोजा, तिकीटखिडकी येते."

बायका मोजत गेल्या. काकांना ते आकडे बसमध्ये ऐकू येत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

पार्किंगवाला जुनाच होता. दोघांनी एकमेकांना काळ्या केसांनिशी बघितलेलं.

"काय हँडब्रेक? रिटायर झालास ना तू?"

"बायकोला घेऊन आलोय. एक विचारू का तुला? आत बागेत दगडी कासव आहे?"

"मी कधी गेलोय आत? मला पार्किंग असतं." पार्किंगवाल्यानं कान खाजवला. "पण आता तू विचारलंस म्हणून आठवलं, लोक विचारतात. वर्षा-दोन वर्षांनी एखादं कुटुंब येतं. आत जाताना माझ्यापाशी थांबून विचारतं, कासव कुठंय. बाकी हजारो लोक येतात, ते गुलाब विचारतात. हे असे मोजकेच. नऊ-दहा झाले असतील."

"आणि बाहेर येताना?"

"बाहेर येताना तोंड पाडून येतात. हातापायांना माती, मुलं रडतायत. एक बाई तर होकायंत्र घेऊन आल्या होत्या."

काकांचा निम्मा विश्वास बसला होता तोही गेला. कासव नव्हतंच. आणि आत काकू अकरा बायकांना घेऊन त्याच्याकडंच निघाल्या होत्या, घडीच्या स्टुलासकट.

त्यांनी बसची किल्ली काढली. "जरा बघशील?"

पार्किंगवाला किल्लीकडं बघत राहिला. "तुला बरं नाहीये का?"

एकतीस पावलं काकांनी धावत काढली. त्यापुढचं पाऊल कुठं टाकायचं हे त्यांना माहीत नव्हतं. समोर उतार होता, उतारावर गुलाब, गुलाबांच्या खाली गोल कारंजं, त्याच्या पलीकडं दोन वाटा. एवढं सगळं इथं होतं? एकतीस वर्षं ते याच्या बाहेरच झोपले होते. पण बघायला वेळ नव्हता. एक माळी हातात कात्री घेऊन रागानं पुटपुटत येत होता.

"बारा बायका दिसल्या का?"

"दिसल्या? माझी तीन झुडपं उचकटलीत त्यांनी. तुमच्यातल्या आहेत?"

"माझ्यातल्या आहेत," काका म्हणाले आणि त्यानं दाखवलेल्या वाटेनं सुटले.

बायका झुडपांत डोकी घालून होत्या. आजी स्टुलावर बसून छत्रीनं पानं बाजूला करत होत्या. मध्ये काकू उभ्या, वही उघडी, कपाळ घामानं भिजलेलं.

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात, शेपूट पूर्वेला."

"हो, म्हणजे... तेव्हा झाडं लहान होती," गणिताच्या बाई झुडपातूनच म्हणाल्या.

"मला तर या अंगाला सापडलं होतं," नर्सताई म्हणाल्या. "की त्या अंगाला?"

"पण गार लागलं होतं ना?"

"गार म्हणजे, अगदी."

"मलाही," औषधवाल्या वहिनी घाईनं म्हणाल्या.

काकूंनी वहीत पाहिलं, झुडपाकडं पाहिलं, परत वहीत पाहिलं. "तुम्हा सगळ्यांना सापडलंय म्हणजे माझाच काहीतरी घोळ आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांनी नीट सांगितलं असणार. मीच लिहून घेताना चुकले. माफ करा हं, तुम्हाला उन्हात..."

"घोळ तुझा नाही," काका म्हणाले.

बारा डोकी वळली. हँडब्रेककाका बसच्या बाहेर, तेही बागेत. नर्सताईंचा हात सवयीनं त्यांच्या नाडीकडं गेला.

"कासव नाही इथं. कधीच नव्हतं. मी केलं ते, आपल्या घरात, तुझ्या मशीनसमोर उभं राहून. मी या बागेत आज पहिल्यांदा आलोय. राजवाड्यात गेलो नाही, किल्ल्यात गेलो नाही. गेटपर्यंतचं सगळं खरं आहे. आतलं सगळं रचलेलं."

कुणीतरी आता जोरात ओरडेल म्हणून काका मान खाली घालून उभे राहिले. कुणी ओरडलं नाही. मान वर करून बघतात तर त्यांच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. बायका एकमेकींकडं बघत होत्या.

आजींनी छत्री मिटली. "मग नर्सबाई," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुला काय गं गार लागलं?"

नर्सताई गुलाबांपेक्षा लाल झाल्या. "वहिनींना सापडलं होतं ना. मला एकटीलाच सापडलं नाही म्हणून कसं सांगायचं?"

"मला कुठं सापडलं होतं?" वहिनी म्हणाल्या. "काकू इतक्या आशेनं विचारत होत्या जिन्यातून. नाही म्हणवेना."

"आणि बाई, शेपूट?"

गणिताच्या बाईंनी केसांतलं पान काढलं. "दोन तास शोधलं मी. होकायंत्र लावून. गणित शिकवणाऱ्या बाईला साधं कासव सापडत नाही म्हटल्यावर माझ्या वर्गात कोण गप्प बसलं असतं?" मग त्यांनाच हसू फुटलं, आणि ते एकदा फुटल्यावर काही खरं नव्हतं. माळी कात्री घेऊन आला होता भांडायला. आजींनी त्याला स्टूल दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.

एकट्या काकू हसल्या नाहीत. त्या बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या. काका जवळ गेले, बसावं की नाही ते न कळून उभेच राहिले.

"मग एकतीस वर्षं तुम्ही काय करत होतात?"

"बस सांभाळत होतो."

"मला खरं सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

"तू मशीन थांबवलं होतंस," काका म्हणाले. "चालतं मशीन. ते तू कुणासाठी थांबवत नाहीस. त्याच्यासमोर 'झोपलो होतो' म्हणायला जीभ उचलेना."

काकूंनी वही मिटून पर्समध्ये टाकली. राग होता, तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि काकांनी तो जायची वाट बघितली. वाट बघणं त्यांना येत होतं.

"आज मी या सगळ्यांसमोर माफी मागितली," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमच्या कासवासाठी."

"म्हणून तर बस सोडून आलो."

यावर काकूंनी मान वळवली. नवऱ्याच्या बुटांकडं पाहिलं, मातीनं भरलेल्या. पहिल्यांदाच भरलेल्या. "बस कुणाकडं आहे मग?"

"पार्किंगवाल्याकडं."

"हं." त्या उठल्या. "दाखवा."

"काय?"

"तुम्ही जिथं थांबायचात ते. निदान तेवढं तरी तुम्ही बघितलेलं आहे ना?"

ती जागा पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात होती. तिथं भिंत कमरेएवढीच होती, आणि भिंतीपलीकडं टेकडी एकदम खाली उतरत होती. खाली सगळं शहर पसरलेलं. मनोरा, नदी, नदीवरच्या सात कमानी, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, एका छपरावर खुर्ची टाकून बसलेला कुणीतरी माणूस. राणीच्या बागेतून यातलं काही दिसत नव्हतं, मध्ये झाडं होती. भिंतीवर ड्रायव्हरांनी खिळ्यानं आपापली नावं कोरली होती. काकांनी नावाऐवजी नुसतं हँडब्रेकचं चित्र कोरलं होतं, वर ओढलेल्या.

भिंतीच्या पायथ्याशी एक सपाट दगड होता, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. काकूंनी त्यावर हात ठेवला. दुपारचे दोन वाजले होते. हात त्यांनी तसाच राहू दिला.

"गार आहे हो," त्या म्हणाल्या.

"भिंतीची सावली असते दिवसभर. त्यावर डोकं टेकायचो मी." काका ओशाळले. "तेवढं खरं होतं."

आता मात्र काकू हसल्या. मोठ्यानं नाही, पण ओठ दाबूनही ते मावेना.

मागून अकरा जणी आल्याच. शहर बघून त्या गप्प झाल्या, हे दोन दिवसांत फक्त एकदा घडलं. मग डबे तिथंच उघडले गेले, पार्किंगवाल्याला बोलावलं, माळी न बोलावताच आला. काकूंनी वही गुडघ्यावर घेतली आणि कासवावर सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, 'पार्किंगच्या मागे, बुटकी भिंत. शहर दिसतं. दगड गार.'

"काकू, राहू द्या की ते," औषधवाल्या वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावरचे पुढच्या महिन्यात येणार आहेत. फार तोरा आहे त्यांना. शोधू दे दोन तास."

"माझ्या वहीत खोटं राहणार नाही."

"वहीत नको," आजी म्हणाल्या. "पण आम्ही तोंडी सांगितलं तर?"

काकूंनी पेन्सिल कानामागं खोचली. "मला एका कानानं कमीच ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस जंगल-उद्यानाच्या गेटपाशी आली. इथंही काका एकतीस वर्षं येत होते आणि इथंही त्यांना गेट तेवढं ठाऊक होतं, लाकडी, वर कोरलेलं हरीण. कर्रकन आवाज झाला. काकूंनी माइक तोंडाशी नेला.

"बायकांनो, इथवरचं ह्यांनी सांगितलं होतं, ते मी तुम्हाला सांगितलं. आत काय आहे ते इथल्या कुणालाच माहीत नाही. उतरा." मग त्यांनी माइक बंद केला आणि ड्रायव्हरच्या सीटपाशी येऊन हात पुढं केला. "किल्ली."

"अगं, पण बसमध्ये सामान..."

"बघा तरी मागं वळून."

काकांनी वळून बघितलं. वरच्या फळ्या रिकाम्या होत्या. सीटा रिकाम्या होत्या. खाली रस्त्यावर अकरा जणी रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीच्या खांद्यावर तिची पिशवी, गणिताच्या बाईंच्या दोन्ही हातांत दोन, आणि आजींच्या डोक्यावर उलटं घडीचं स्टूल.

"काही राहिलंय का?" काकूंनी विचारलं.

काकांनी सीटखाली पाहिलं, फळ्यांवर पुन्हा एकदा हात फिरवला. मग किल्ली काढून काकूंच्या हातावर ठेवली. काकूंनी बसला कुलूप लावलं, दार दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

गेटमधून आत गेल्यावर वाट दोन बाजूंना फुटत होती. एक झाडीत शिरत होती, एक पाण्याकडं.

"कुठं जायचं?" काकांनी विचारलं.

"मला काय विचारता," काकू म्हणाल्या. "मी आज पहिल्यांदाच येतेय."